साइट कुठे करू, याच्या आधीची एक ऑर्डर

“ऑनलाइन दुकान काढायचंय. साइट कुठल्या प्लॅटफॉर्मवर करू? आणि प्लीज, आता आणखी प्लॅनिंग करा असं सांगू नका. चार महिने त्यातच गेलेत.”

छोटे उद्योग सुरू करणाऱ्यांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे असा निरोप माझ्या ओळखीचा आहे. मी त्यातलं शेवटचं वाक्य आधी वाचते. चार महिने प्लॅनिंग करून थकलोय म्हणणारा माणूस बहुधा थीम आणि लोगो बघून थकलेला असतो. प्लॅनिंगला त्याने अजून हातच लावलेला नसतो.

आले ते दोघं भाऊ-बहीण. (त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) धाकटी बहीण हाताने टेबल लॅम्प बनवते: लाकडी बैठक, जाड कागदाची शेड. थोरला भाऊ नोकरी सांभाळून तिला साइट करून देणार. बसल्या बसल्या त्याने लॅपटॉप उघडला. दुसऱ्यांच्या साइट्सचे स्क्रीनशॉट, रंगांच्या पट्ट्या, तीनदा बदललेला लोगो. होमपेजवर लॅम्प चारी बाजूंनी गोल फिरताना दिसलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. बहिणीने पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक लॅम्प काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि ती गप्प बसली.

फिरत्या लॅम्पवरून मला बू डॉट कॉम आठवलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये कपड्यांचं हे ऑनलाइन दुकान एकदम अठरा देशांत उघडलं. कपडा फिरवून फिरवून बघायची सोय होती, पण तेव्हाच्या डायल-अपवर, म्हणजे फोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ नेटवर, पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून जायचं. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर संपवून मे २००० मध्ये ते बंद पडलं. हे सांगितल्यावर भाऊ म्हणाला, “पण मॅडम, आता नेट फास्ट आहे.” बरोबरच होतं त्याचं. उदाहरण देऊन कुणाचा हट्ट सुटत नाही, हे इतक्या वर्षांनीही माझ्या अंगवळणी पडलेलं नाही.

मग मी त्याला लॅपटॉप मिटायला लावला आणि कोरा कागद पुढे सरकवला. “समजा, मी गिऱ्हाईक. हा लॅम्प मला हवाय. माझ्या ऑर्डरचं पुढे काय काय होतं ते ओळीने लिहा. कोण करतं, कधी करतं, तेही.”

“ऑर्डर आली की ईमेल येतो.”

“कुणाला?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घ्यायला ओळखीच्या एका डेव्हलपरने मदत केली होती आणि सोयीचं म्हणून ते स्वतःच्याच खात्यावर, स्वतःच्या ईमेलने नोंदवलं होतं. माणूस सज्जन होता. पण डोमेन ज्याच्या खात्यावर, दुकानाची पाटी त्याच्या हातात. उद्या तो दुसऱ्या कामात गुंतला, नोंदणीच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली आणि मुदत टळली, तर बंद पडेल ते यांचं दुकान. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेणारी सेवा) यांची खाती, तिन्ही मालकाच्याच नावावर हवीत. कागदावर पहिली ओळ ही पडली.

“पुढे. लॅम्प तयार आहे की बनवायचाय?”

“बनवायचा. एकाला दोन दिवस लागतात,” बहीण म्हणाली.

“एका दिवशी दहा ऑर्डरी आल्या तर?”

तिला हिशेब करावा लागला नाही. “दहाव्याला वीस दिवस.” आणि भावाकडे वळून, “दादा, मी तुला हेच सांगत होते.”

दादाने पहिल्या पानाच्या मजकुरात ‘४८ तासांत रवाना’ असं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

प्रकार किती विचारलं तर दोघं एका सुरात म्हणाले, नऊ. बैठकी नऊ, शेडचे रंग चार, आकार तीन. तिच्या लेखी नऊ लॅम्प, पण साइटच्या लेखी ९ × ४ × ३ म्हणजे १०८ वेगवेगळे माल. प्रत्येकाला कोड, प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाची शिल्लक, आणि गिऱ्हाइकाने रंग बदलला की फोटोही बदलायला हवा. फोटोंसाठी त्यांनी एक रविवार धरला होता.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. पार्सलच्या ओळीला मात्र पाऊण तास गेला.

“खोकं केवढं?”

बहिणीने हाताने अंदाज दाखवला. मी ड्रॉवरमधून टेप काढली. भोवतीच्या थर्माकोलसकट ४० सेंटिमीटर उंच, ३० बाय ३० रुंद. लॅम्प, पॅकिंग धरून, दोन किलोच्या आसपास. भावाने कुरिअरचा खर्च दोन किलोचा धरला होता, आणि जवळजवळ सगळेच पहिल्यांदा तसाच धरतात. पण कुरिअरवाले वजन बघतात तशी खोक्याने अडवलेली जागाही बघतात. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार बऱ्याच कंपन्या ५००० ने भागतात, आणि आलेला आकडा व खरं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे लावतात. (भाजक कंपनीगणिक बदलतो, तो आधी विचारून घ्यावा.) ३६,००० भागिले ५०००. सात किलो दोनशे ग्रॅम.

भाऊ आकड्याकडे बघत राहिला. बहिणीने मात्र लॅम्प पुढे ओढला, शेडखालची चकती फिरवून शेड सुटी केली, बैठक आडवी करून शेडच्या पोटात सरकवली. जेमतेम मावली. “असं पाठवलं तर?” टेपने पुन्हा मोजलं: ३० बाय ३० बाय २०. तीन किलो सहाशे ग्रॅम, बरोबर निम्मं. त्यासाठी फक्त चकती हाताने फिरवता येईल एवढी सैल करायची आणि शेड कशी बसवायची त्याची चिठ्ठी खोक्यात टाकायची. चार महिन्यांतला सगळ्यात फायद्याचा निर्णय तिथे टेबलावर झाला, आणि त्यात साइटचा संबंध नव्हता.

हा खर्च शेवटी गिऱ्हाइकाला दिसतो, तोही नको त्या वेळी. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी अशी आहे की ऑनलाइन दुकानात भरलेल्या टोपल्यांपैकी सुमारे ७० टक्के टोपल्या पैसे न भरताच सोडल्या जातात. काही लोक नुसते बघायला आलेले असतात, ते सोडून दिलं तर सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे शेवटच्या पानावर उगवणारा पोहोच खर्च आणि कर. खोक्याचं माप ठरल्याशिवाय हा आकडा लॅम्पच्या पानावरच लिहिणार कसा?

आणखी एक छोटी गोष्ट. शिपिंगच्या सेटिंगमध्ये भावाने ‘सगळं जग’ निवडलं होतं, कारण तो पर्याय समोर दिसला. लॅम्पला प्लग असतो. कुठे २३० व्होल्ट, कुठे १२०, पिनांचे आकार वेगळे. ती ओळ त्याने स्वतःच खोडली.

मग परतीची ऑर्डर. “लॅम्प पोहोचला, पण शेड दबलेली निघाली. मी फोटो पाठवलाय. आता?”

“बदलून देऊ,” भाऊ.

“कोण?”

खरं भांडण इथे होतं. बहिणीने गृहीत धरलं होतं की ती लॅम्प बनवणार आणि बाकीचं दुकान दादा बघणार. दादाने गृहीत धरलं होतं की तो साइट करून देणार आणि दुकान ती बघणार. पार्सल बांधणं, कुरिअरच्या माणसाची वाट बघणं, रागावलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर देणं, पैसे परत करणं (गेटवेचं कमिशन अशा वेळी बहुतेकदा बुडीतच जातं) हे दोघांच्याही डोक्यात दुसऱ्याकडे होतं. चार महिने ते बटणाच्या रंगावरून वाद घालत होते. मला तर वाटतं, हा प्रश्न समोर येऊ नये म्हणूनच बटणाचा रंग इतका लांबला. बहिणीचे डोळे भरून आले, आणि मी थोडा वेळ काहीच बोलले नाही.

शेवटी तिनेच कागद ओढून घेतला आणि उजवीकडे रेघ मारली. एका बाजूला ‘मी’, दुसऱ्या बाजूला ‘दादा’. पॅकिंग तिने घेतलं. गिऱ्हाइकांची उत्तरं, परतावे आणि हिशेब त्याने, रोज रात्री एक तास. ‘कुणी आजारी पडलं तर’ या ओळीपुढे दोन्ही रकाने कोरे राहिले. मी ती ओळ तशीच राहू दिली.

तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा प्लॅटफॉर्म निवडायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांच्या कागदावरून गरज स्पष्ट होती: मोजके माल, प्रत्येकाला ‘तयार व्हायला इतके दिवस’ दाखवायची सोय, खोक्याच्या मापावरून पोहोच खर्च काढता येणं, ऑर्डरी घ्यायचं मध्येच थांबवता येणं. महिन्याचं भाडं भरून वापरायची तयार सेवा त्यांना पुरेशी होती. सुरुवात १०८ ऐवजी सहा लॅम्पांनी करायची ठरली. फिरता लॅम्प गेला, त्याच्या जागी शेड बसवून दाखवणारा छोटासा व्हिडिओ आला.

उघडण्याआधी मी त्यांना एकच काम दिलं: खरे पैसे घेऊन खरी ऑर्डर मला पाठवा. मी माझ्याच फोनवरून लॅम्प मागवला. पाचव्या दिवशी खोकं आलं. शेड शाबूत, चिठ्ठी सुवाच्य, चकती एका हाताने फिरली. मी लॅम्प टेबलावर ठेवला, प्लग लावला, बटण दाबलं आणि साइटवर दिलेल्या नंबरावर फोन केला.

“नमस्कार, ऑर्डर मिळाली. पण यात बल्ब नाहीये.”

पलीकडे शांतता. मग लांबून बहिणीचा आवाज: “दादा, बल्ब द्यायचा होता?”

त्याच रात्री प्रत्येक लॅम्पच्या पानावर एक ओळ वाढली, बल्ब सोबत मिळणार नाही, कुठला बसेल ते इथे पाहा. उद्घाटन आणखी चार दिवस पुढे गेलं. यावेळी त्यावरून कुणी भांडलं नाही.