वाचनालयाची वेबसाइट नव्याने केली. सभासदांकडून कामाचा अभिप्राय कसा मिळवायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सार्वजनिक वाचनालयाची साइट तीन आठवड्यांपूर्वी नव्या रूपात सुरू झाली. मुखपृष्ठावर 'नवी साइट कशी वाटली?' असा फॉर्म लावला. साठेक उत्तरं आली, बहुतेक 'छान', 'सुंदर', 'अभिनंदन' अशी, आणि पाच-सहा जणांनी रागाने 'जुनीच बरी होती' असं लिहिलं. आता यातून सुधारायचं काय, ते कळत नाहीये.

या उत्तरांतून ते कळणारही नाही, कारण प्रश्न बदलायला हवा. जेवायला बसलेल्याला 'भाजी कशी झालीये?' विचारलं की तो 'छान' म्हणतो. तो शिष्टाचार असतो, भाजीचं परीक्षण नव्हे. 'साइट कशी वाटली?' याचंही तेच होतं. सभासदाला मत विचारू नका, काम विचारा: आज कशासाठी आला होता, ते झालं का, नसेल तर कुठे अडलं. एवढे तीनच प्रश्न. पहिला मोकळा ठेवा, दुसऱ्याला 'झालं', 'अर्धवट झालं', 'नाही झालं' असे तीन पर्याय द्या, आणि तिसरा फक्त शेवटचे दोन पर्याय निवडणाऱ्यांना दाखवा. तारे, हसरे-रडके चेहरे, एक ते दहा गुण हे सगळं काढून टाका. 'सहा गुण' वाचून कोणतं बटण हलवायचं ते कुणालाच कळत नाही.

फॉर्म कुठे आणि केव्हा दिसतो, याला प्रश्नांइतकंच महत्त्व आहे. साइट उघडल्याबरोबर समोर येणारी चौकट माणूस न वाचता बंद करतो, कारण त्याने अजून काही केलेलंच नसतं. ती काम संपतं तिथे ठेवा: वर्गणी भरल्याची पावती दिसते त्या पानावर, पुस्तक राखून ठेवल्याच्या संदेशाखाली. आणि त्याहून महत्त्वाचं, जिथे काम फसतं तिथे ठेवा: 'एकही पुस्तक सापडलं नाही' या पानावर, 'पान उपलब्ध नाही' या पानावर, लॉगिन चुकल्यावर. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी 'या पानावर काही अडचण आली?' अशी एक साधी ओळ असू द्या. ब्रिटन सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवर प्रत्येक पानाखाली अशी विचारणा असते. तिचा मोठा फायदा म्हणजे तक्रार कोणत्या पानाबद्दल आहे, ते सांगायचं काम वापरणाऱ्यावर पडत नाही.

पानाचा पत्ता, फोन की संगणक, ब्राउझर, पडद्याची रुंदी आणि वेळ या गोष्टी फॉर्मने आपणहून नोंदवाव्यात. सभासदाला त्या विचारू नका. मोबाइल क्रमांक ऐच्छिक ठेवा आणि शेजारी लिहा की तो फक्त या अडचणीबद्दल बोलण्यासाठी हवा आहे आणि तीन महिन्यांनी पुसला जाईल. मग तो खरोखर पुसा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे: माहिती कशासाठी घेतो ते सांगायचं, संमती घ्यायची, काम झालं की ठेवायची नाही. बालविभागातल्या मुलांकडून, म्हणजे १८ वर्षांखालच्या कुणाकडूनही, नाव-नंबर घेऊच नका. ते पालकांच्या संमतीशिवाय घेता येत नाही.

भाषेची सक्ती करू नका. फोनवर पुष्कळ जण मराठी रोमन लिपीत लिहितात, आणि बरेच ज्येष्ठ सभासद टाइपच करत नाहीत, बोलून संदेश पाठवतात. वाचनालयाचा व्हॉट्सॲप क्रमांक असेल तर 'बोलून सांगितलंत तरी चालेल' असं लिहा. अर्ध्या मिनिटाच्या बोललेल्या संदेशात फॉर्मच्या चार ओळींपेक्षा जास्त सापडतं. आणि देवघेवीच्या काउंटरवर एक वही ठेवा. 'ऑनलाइन जमलं नाही म्हणून आलो' असं जो म्हणेल, त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला ग्रंथपालांना सांगा. या लोकांचा आवाज ऑनलाइन फॉर्ममध्ये कधीच येणार नाही, कारण ते साइटवरून हरून परतलेले आहेत.

आता, न विचारता मिळणारा अभिप्राय. वाचनालयाच्या बाबतीत मी त्याला सगळ्यात वर ठेवेन, त्यातही शोधपेटीच्या नोंदींना. लोकांनी काय शोधलं आणि किती निकाल आले, ही यादी साइट बनवणाऱ्या विकासकाकडून आठवड्याला मागवा आणि शून्य निकालाच्या ओळी वेगळ्या काढा. मराठी पुस्तकांच्या यादीत शून्य निकाल म्हणजे पुस्तक नाही असं नसतं. 'दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास' हेच घ्या. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरं 'अ'वर चंद्र देऊन. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची जागतिक पद्धत; तिचं ठरलेलं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं, केलं तरी या जोड्या एक होत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, आणि तो यादी साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे लावावा लागतो. मग ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ आहेत, लेखकाच्या आद्याक्षरांमधली टिंबं आणि मोकळ्या जागा आहेत, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना मोडलेली जोडाक्षरं आहेत. सभासद यातलं काहीच सांगणार नाही. तो म्हणेल, 'नव्या साइटवर पुस्तकंच नाहीत.'

अशीच दुसरी अदृश्य जागा म्हणजे आकडे. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर सभासद क्रमांक देवनागरी अंकांत टाइप होऊ शकतो आणि अनेक फॉर्म तो नाकारतात. लॉगिन फसल्याच्या नोंदी पाहिल्यात तर हे दिसेल. उपाय सोपा आहे: दोन्ही अंक स्वीकारायचे आणि आत एकाच रूपात साठवायचे.

तिसरी जागा जुन्या लिंकची. रूप बदलताना पानांचे पत्ते बदलतात, पण लोकांनी जतन केलेल्या लिंक, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेल्या लिंक आणि सभासद कार्डावर किंवा भिंतीवर छापलेला क्यूआर कोड जुन्याच पत्त्यावर नेतात. गूगलच्या सर्च कन्सोल या साइट चालवणाऱ्यांसाठीच्या साधनात न सापडलेल्या पानांची यादी मिळते, सर्व्हरच्या नोंदींतही मिळते. जास्त मागणीची पहिली २० पानं आधी घ्या आणि प्रत्येकाला त्याच्या नव्या जागी कायमचं वळवा. सगळी मुखपृष्ठाकडे वळवू नका. नियमांच्या पानावर जायचं होतं तो मुखपृष्ठावर पोचला की चुकलाच.

मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटीसारखं मोफत साधन लावलंत तर लोक कुठे चिडून एकाच जागी पुन्हापुन्हा टिचकी मारतात आणि कुठे बटण नसलेल्या गोष्टीला बटण समजतात, ते दिसतं. लावण्यापूर्वी नाव, पत्ता, क्रमांक झाकण्याची सोय चालू आहे ना, ते तपासा. हे साधन कुठे अडलं ते दाखवतं. का अडलं, ते कळायला माणसाशेजारीच बसावं लागतं.

तर माणसाशेजारी बसण्याबद्दल. साइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे याकॉब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हे पाच जण एकाच प्रकारचे असतील तरच हा हिशेब बसतो. तुमच्याकडे निदान दोन प्रकार आहेत: अभ्यासिकेतले विद्यार्थी आणि निवृत्त सभासद. दोन्हींतून चार-चार बोलवा, प्रत्येकी अर्धा तास. स्वतःचा फोन आणि स्वतःचा चष्मा घेऊन यायला सांगा. वाचनालयाच्या संगणकावर चाचणी घेतलीत तर मोठ्या केलेल्या अक्षरांनी मोडलेली मांडणी दिसणारच नाही.

चार कामं द्या, आणि कामाच्या वाक्यात साइटवरचा शब्द येऊ देऊ नका. मेनूत 'सभासदत्व नूतनीकरण' असेल तर 'नूतनीकरण करून दाखवा' म्हटलंत की तो शब्द जुळवून मोकळा होईल. त्याऐवजी म्हणा, 'तुमची वर्गणी या महिन्यात संपतेय, पुढच्या वर्षाची भरायची आहे.' सुरुवातीलाच सांगा की परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं. माणूस अडला की हात आपोआप पुढे जातो, 'तिथे वरती बघा ना' तोंडून निघतं, आणि चाचणी वाया जाते. मनात दहापर्यंत मोजा, मग फक्त एवढंच विचारा: 'आत्ता काय शोधताय?' ज्याने साइट बनवली त्याला सभासदाशेजारच्या खुर्चीवर बसवू नका. तो समजावून सांगू लागतो. फोनमधलं पडद्याचं चित्रण चालू ठेवायला आधी परवानगी घ्या, आणि पैसे भरायची पायरी आली की ते बंद करा.

काय लिहून ठेवायचं? काम झालं का, मदतीशिवाय झालं का, पहिलं बोट कुठे टेकलं, किती वेळ लागला. पहिलं बोट चुकीच्या जागी पडलं तर बहुतेक दोष मेनूतल्या शब्दांचा असतो. 'ग्रंथालयीन सेवा' यात पुस्तक राखून ठेवणं येतं, हे समितीला माहीत असतं, सभासदाला नसतं.

'जुनीच बरी होती' लिहिणाऱ्यांना टाळू नका. यातले पुष्कळ जण रोज येणारे असतात. त्यांचा हात ठरलेल्या जागी जायचा आणि आता तिथे काही नाही. त्या प्रत्येकाला दोन दिवसांत उत्तर लिहा आणि एकच गोष्ट विचारा: 'शेवटचं कोणतं काम करताना अडचण आली?' उत्तरात नेमकं काम आलं तर तो दोष आहे, सवयीचा मुद्दा नाही. नुसतं 'सगळंच' आलं तर नोंद ठेवा आणि चार आठवड्यांनी पुन्हा विचारा. विकिपीडियाने आपली संगणकावरची मांडणी बदलली तेव्हा ती २०२० पासून फ्रेंच, हिब्रू, फारसी अशा मोजक्या विकिपीडियांवर आधी चालवून पाहिली. इंग्रजीवर ती जानेवारी २०२३ मध्ये आली. मजकुराची रुंदी मर्यादित केल्याने दोन्ही कडांना पांढरी जागा उरते, ही तिथली मोठी तक्रार होती. त्यांनी रुंदी वाढवायचं बटण दिलं, आणि खातं असलेल्यांना जुन्या मांडणीवर परतायची सोयही ठेवली. तुम्हाला जुनी साइट चालू ठेवणं परवडणार नाही, पण जास्त वापराच्या तीन दुव्यांना जुन्या जागी, जुन्याच नावाने महिनाभर ठेवता येईल. जुना शब्द परत आणण्यात कमीपणा नाही.

मराठी साइटवर एक तक्रार हमखास येते: 'अक्षरं नीट दिसत नाहीत.' ती आवडनिवड समजून बाजूला टाकू नका. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वेलांटी-रफार वरून आणि उकार खालून कापले जातात. दीडपट किंवा थोडं जास्त अंतर लागतं. पानाच्या कोडमध्ये भाषा हिंदी नोंदवली गेली असेल तर काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. आणि फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर असतील तर उजेड-अंधाराचं प्रमाण मोजून घ्या. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवं. म्हणजे या एका वाक्यामागे तीन निराळी कारणं असू शकतात. म्हणून पडद्याचं छायाचित्र मागवा.

आलेलं सगळं एका एक्सेलमध्ये घाला: तारीख, कुठून आलं, कोणतं काम, त्या माणसाचे शब्द, पान, फोन की संगणक, आणि शेवटी प्रकार. प्रकार चारच: मोडलंय, सापडत नाही, सवय मोडली, आवडनिवड. शब्द बदलून, शुद्ध करून लिहू नका. मोजताना संदेश नव्हे, माणसं मोजा. एकाच सभासदाच्या सात तक्रारी म्हणजे सात सभासद नव्हेत. पहिला प्रकार त्याच आठवड्यात दुरुस्त करा, तो किती जणांनी सांगितला ते न पाहता. दुसऱ्यात तीन वेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली की ती पुढच्या फेरीत घ्या. तिसरा महिनाभर थांबवून पाहा. चौथा वाचा, ठेवा, आणि रंग बदलू नका.

समितीपुढे '७२ टक्के सभासद समाधानी' असं काही मांडू नका. फॉर्म आपणहून भरणारे लोक सगळ्या सभासदांचे प्रतिनिधी नसतात. त्याऐवजी मांडा: ऑनलाइन वर्गणी भरायला सुरुवात केलेल्यांपैकी किती जण पावतीपर्यंत पोचले, जुन्या साइटवर गेल्या वर्षी याच महिन्यात किती पोचले होते, आणि काउंटरवरच्या वहीत किती नोंदी आल्या. जुन्या साइटच्या नोंदी विकासकाने अजून पुसल्या नसतील, तर आजच मागून घ्या. तुलनेला तेवढंच मिळणार आहे.

पहिली दुरुस्ती झाली की ती साइटवर आणि वाचनालयाच्या फलकावर लिहा: कुणाच्या तरी सांगण्यावरून काय बदललं, एका ओळीत. ज्याने क्रमांक दिला होता त्याला कळवा. दुसऱ्या फेरीत लोक 'छान' सोडून नेमकं लिहू लागतात ते यामुळे. चाचणीची दुसरी फेरी सहा आठवड्यांनी, नव्या आठ जणांबरोबर, तीच चार कामं देऊन घ्या.