मी ग्रंथालयात काम करते. नवी ऑनलाइन साधनं शिकायला सुरुवात कशी करू?

एका वेळी एकच साधन घ्या आणि लगेच वापरून पाहा. मोठ्या अभ्यासक्रमाची वाट बघू नका. अमेरिकेतल्या शार्लट-मेक्लेनबर्ग सार्वजनिक ग्रंथालयात २००६ साली हेलीन ब्लॉवर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी '२३ गोष्टी' हा उपक्रम आखला, तो असाच होता: आरएसएस (संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप मिळवण्याची सोय), टॅगिंग (मजकुराला विषयाचे शब्द जोडणं), विकी (अनेकांनी मिळून संपादित करायची पानं) अशी एकेक गोष्ट आपापल्या वेगाने करून पाहायची आणि तिच्याबद्दल थोडं लिहायचं. हे लिहिणं अजिबात टाळू नका, पुन्हा अडलात की तीच टिपणं कामी येतात. पुढे इतर अनेक देशांतल्या ग्रंथालयांनीही '२३ गोष्टी' हा उपक्रम उचलला. मात्र ती मूळ यादी आता जुनी झाली आहे. पद्धत तेवढी घ्या. साधनं तुमच्या रोजच्या कामातली निवडा, जसं संदर्भनोंदी ठेवण्यासाठी झोटेरो किंवा ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या तालिकेसाठी (कॅटलॉगसाठी) कोहा ही सॉफ्टवेअर.