न्यू जर्सीत स्पीडिंगचं तिकीट मिळालंय. रेकॉर्ड कुठे बघायचं आणि लायसन्सवर किती पॉइंट्स चढतील?

पैसे भरले नसाल तर अजून भरू नका.

तुम्ही लिहिलंय की एडिसनमध्ये ताशी ५० मैलांच्या वेगमर्यादेत ६८ ने जाताना पोलिसांनी थांबवलं, तिकीट ऑनलाइन सापडत नाहीये आणि सापडलं की लगेच भरून मोकळं व्हायचंय. आपल्याकडून ही घाई फार होते, कारण भारतात ई-चलन गाडीच्या नंबरवर येतं, पैसे भरले की विषय मिटतो. इथे तिकीट गाडीवर नसतं, तुमच्या नावावर असतं, आणि ऑनलाइन पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. कोर्ट तो निकाल मोटर व्हेईकल कमिशनला, म्हणजे एमव्हीसीला कळवतं आणि पॉइंट्स, म्हणजे उल्लंघनाचे दंडगुण, तिथे चढतात. दंड परवडला म्हणून लोक भरून टाकतात. खरा खर्च पुढे विम्यात निघतो.

आता रेकॉर्डचं. ते दोन ठिकाणी असतं आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. तिकिटाचं काय चाललंय हे म्युनिसिपल कोर्टाकडे असतं. तुम्ही राहता त्या गावच्या कोर्टात नव्हे, जिथे थांबवलं त्या गावच्या. राज्य कोर्टांच्या एनजेएमसीडायरेक्ट या साइटवर कोर्ट आयडी, तिकिटाचं प्रीफिक्स, तिकीट नंबर आणि गाडीची नंबर प्लेट टाकली की ते दिसतं. पहिल्या तीन गोष्टी तिकिटावरच छापलेल्या असतात. तिकीट ताजं असेल तर कोर्टाने ते चढवेपर्यंत काही दिवस जातात, त्यामुळे आज दिसलं नाही म्हणजे रद्द झालं असं समजू नका. कागदच हरवला असेल तर त्या कोर्टाच्या ऑफिसला फोन करून नाव आणि लायसन्स नंबर सांगा. तारीख मात्र चुकवू नका. उत्तरच दिलं नाही तर लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, वॉरंटही निघू शकतं.

दुसरं रेकॉर्ड एमव्हीसीकडे: ड्रायव्हर हिस्टरी अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे तुमच्या ड्रायव्हिंगच्या नोंदींचा उतारा. १५ डॉलर भरून ते ऑनलाइन मागवता येतं. कोर्टात जाण्याआधी ते हातात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण आधीचे पॉइंट्स किती आहेत हे ठाऊक नसेल तर पुढचा निर्णय अंदाजावर होतो.

स्पीडिंगचे पॉइंट्स असे: वेगमर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त असेल तर २, १५ ते २९ असेल तर ४, ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५. तुमचे १८ मैल जास्त, म्हणजे ४. एवढ्याने लायसन्स जात नाही. पण समजा, सहा महिन्यांपूर्वी स्टॉप साइनला न थांबल्याबद्दल २ पॉइंट्स मिळाले असतील, तर बेरीज ६ होते, आणि ३ वर्षांत ६ झाले की एमव्हीसीचा सरचार्ज लागतो: १५० डॉलर, आणि ६ च्या वरच्या प्रत्येक पॉइंटला आणखी २५. हे कोर्टाच्या दंडाव्यतिरिक्त. १२ झाले की लायसन्स सस्पेंड.

पॉइंट्स कमी होतात. सलग १२ महिने नवं उल्लंघन आणि सस्पेन्शन नसेल तर ३ वजा. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा मान्यताप्राप्त कोर्स केला तर २ वजा, पण ती सवलत ५ वर्षांतून एकदाच. उल्लंघनाची नोंद मात्र रेकॉर्डवरून पुसली जात नाही. (पॉइंट्स नाहीत म्हणजे गुन्हा हलका असंही नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याला इथे शून्य पॉइंट्स आहेत, कारण त्याची शिक्षा पूर्ण वेगळी आहे.)

म्हणून माझा सल्ला: 'नॉट गिल्टी', म्हणजे गुन्हा कबूल नाही, असं नोंदवा आणि प्रॉसिक्यूटरशी, म्हणजे सरकारी वकिलाशी, बोला. पहिल्यांदाच तिकीट मिळालेल्या माणसाला ते बऱ्याचदा कमी कलमावर तडजोड देतात. तुमच्या बाबतीत वेग १४ मैल जास्त धरला तरी ४ चे २ होतात. दुसरा पर्याय 'अनसेफ ड्रायव्हिंग' या कलमावर तडजोडीचा: पहिल्या दोन वेळा शून्य पॉइंट्स, पण दंडावर २५० डॉलरचा वेगळा सरचार्ज. ज्यांच्या रेकॉर्डवर आधीच काही आहे त्यांना तो बहुतेक वेळा परवडतो. कोरं रेकॉर्ड असेल तर २ पॉइंट्स घ्यायचे की २५० डॉलर भरायचे, हे आधी विमा कंपनीला विचारून ठरवा. कंपन्यांचे हिशेब एमव्हीसीच्या पॉइंट्सवर बेतलेले असतातच असं नाही. तडजोड मिळेलच याची हमी नसते, पण मागितल्याशिवाय ती मिळत नाही. घरात कुणाला इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर कोर्टाकडे मराठी दुभाषा मोफत मागता येतो. फक्त तारखेच्या बरंच आधी कळवा.

आणि हे सगळं न्यू जर्सीच्या तिकिटाचं. न्यूयॉर्क शहरात थांबवलं असेल तर प्रकरण तिथल्या ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोत जातं आणि तिथे तडजोड होतच नाही. बाहेरच्या राज्यातल्या अशा उल्लंघनाचे २ पॉइंट्स न्यू जर्सीच्या लायसन्सवर चढतात. तसं तिकीट असेल तर इथे कळवा, त्याची वाट वेगळी आहे.