बूच सरकतंय, शिसं तंगूस तोडतंय: सायकलच्या दुकानात जा!

खानापूरच्या आपल्या कॉलेजकुमाराचा प्रश्न असा: "काका, गळ फेकला की बूच सरकून पार गळाशी येतं. शिशाची गोळी दातानं दाबून बसवतो, तर तंगूस नेमका तिथंच तुटतो. विकतचं सामान परवडत नाही. काय करू?"

(नवख्यांसाठी: बूच म्हणजे पाण्यावर तरंगणारा, मासा लागला की हलणारा तरंगा; तंगूस म्हणजे गळ बांधायची नायलॉनची दोरी.) आधी ते दातानं दाबणं बंद कर बघू. शिसं विषारी, आणि दाताला काही स्पेअर मिळत नाही. दुसरं म्हणजे गोळी करकचून दाबली की आत तंगूस चेपतो. वरून काही दिसत नाही, मासा लागला की कळतं. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला माझा एक चांगला कटला मासा असाच गेला. घरी येऊन तुटलेलं टोक बघितलं तर सपाट, चिरडलेलं. गाठ सुटली असती तर टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं मिळालं असतं. तेव्हापासून तंगूस तुटला की आधी टोक बघतो, मग कुणाला शिव्या घालायच्या ते ठरवतो.

दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. जुन्या पद्धतीच्या सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. सायकलच्या दुकानात चिल्लर पैशात मिळते. ब्लेडनं तिचे चार-पाच मिलिमीटरचे तुकडे काप. गळ बांधायच्या आधी असे चार तुकडे तंगूसात ओवून ठेव. नंतर आठवलं तर गळ कापून परत बांधावा लागतो, हे मी दरवेळी विसरतो. रबर जरा ओलं करून घेतलं की सरकवायला सोपं जातं.

आता बूच. आम्ही बांबूच्या काठीवाले कशालाही बूचच म्हणतो, मग ते गळालेल्या मोरपिसाचा दांडा असो की हवाई चपलेचा तुकडा. दांडा असेल तर वरच्या आणि खालच्या टोकावर एकेक रबर चढव. तंगूस रबर आणि दांडा यांच्या मधून जातो आणि घट्ट बसतो. फेकताना हलत नाही, पण पाणी खोल निघालं तर बोटानं ओढून वीतभर वर नेता येतं. बूच जाड असेल तर मध्यापर्यंत ब्लेडनं चीर दे, तंगूस आत घाल आणि आगपेटीची काडी खोचून टाक. काडी पाण्यात फुगते, आणखी घट्ट होते.

बूच कशाचं करावं यावर आमच्यात भांडणं होतात. ज्वारीच्या वाळलेल्या ताटातला भेंड हलका, पण अर्ध्या तासात पाणी पितो. वरून नेलपॉलिशचे दोन हात दिले तर टिकतो (घरात विचारून घ्या). पांगाऱ्याचं लाकूड त्याहून बरं. थर्माकोल नको. त्याचे दाणे सुटून नदीभर होतात.

शिशाचंही तेच. आधी रबराचा तुकडा, त्याच्यावर गोळी, आणि पक्कडीनं हलकं दाबायचं. पकड रबरावर बसते, तंगूसला ओरखडा येत नाही. मासा बुजरा असेल तर गोळी अडकवूच नकोस, मोकळी सोड. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा दोन सेंटिमीटरचा तुकडा धुऊन घे, त्यावर शिशाची पट्टी गुंडाळ, आणि तंगूस नळीतून ओव. खाली एक मणी आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा म्हणजे अडसर. मृगळ मासा तळाशी आमिष चघळत बसतो. तो ओढतो तेव्हा तंगूस नळीतून सरकतो, वजन त्याला जाणवत नाही.

पण मार्कंडेय किंवा घटप्रभेच्या खडकाळ पात्रात शिसं घालवायचं कशाला? गॅरेजमधून जुने नट आण. तंगूसला फिरकी (पीळ पडू नये म्हणून लावतात ती फिरती कडी) असेल तर तिला, नाहीतर छोटा फास करून त्याला, साध्या शिवणाच्या दोऱ्यानं नट लोंबकळता बांध. नट कपारीत अडकला की हिसका द्यायचा. दोरा तुटतो, नट जातो, गळ आणि तंगूस हातात परत येतात. जुना स्पार्क प्लगही चालतो, दोरा त्याच्या फटीतून घेऊन बांधायचा. बेळगावात फाउंड्र्या इतक्या, लोखंडाच्या तुकड्यांना तोटा नाही.

वजनाचा हिशोब तेवढा बदलतो. पाण्यात 10 ग्रॅम शिसं साधारण 9.1 ग्रॅमचं काम करतं, लोखंड 8.7 चं, आणि आपला काळा दगड कसाबसा साडेसहाचा. म्हणजे लोखंड किंचित जास्त लागतं, दगड मात्र दीडपट घ्यावा लागतो. घरी बादलीत वजनासकट बूच सोडून बघ. फक्त सेंटिमीटरभर टोक वर राहिलं पाहिजे. जास्त वर राहिलं तर मासा ओढतो आणि आमिष सोडतो.

लोखंड म्हणायला आणखी एक कारण आहे. पाणपक्षी दगडाचे खडे समजून शिशाच्या बारीक गोळ्या गिळतात. पोटात त्या दळल्या जातात आणि पक्षी मरतात. ब्रिटनमध्ये हंस असे मेले म्हणून 1987 पासून 0.06 ते 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडे धुपदाळला घटप्रभा पक्षीधाम आहे. त्याच नदीच्या वरच्या अंगाला आपण शिसं टाकत बसायचं, हे मला तरी पटत नाही. आणि शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडून चुलीवर वितळवणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादाला लागू नकोस.

काठीपेक्षा पाणी खोल असेल तर अडकवलेलं बूच फेकताच येत नाही. तिथं बूच मोकळं सोड आणि वर, जितकी खोली हवी तिथं, शिवणाच्या दोऱ्याचे तंगूसभोवती पाच वेढे देऊन गाठ मार. ओढण्याआधी थुंकी लाव, कोरडी गाठ घासून तापते आणि तंगूस कमजोर होतो. गाठीखाली काचेचा बारीक मणी. बूच मण्याला येऊन अडतं.

रबर उन्हानं चिरतं, दर महिन्याला बदल. आणि गोकाककडच्या कुणी तुला "गाळ" मागितला तर चिखल काढून देऊ नकोस. कन्नडमध्ये गळाला गाळ म्हणतात. मी एकदा दिलाय.

उन्हाळ्यात हिडकलचं पाणी उतरतं, हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, तेव्हा काठाकाठानं जरा फिर. पावसाळ्यात आपल्यासारख्यांनी गमावलेलं अर्धं शिसं दगडांत अडकलेलं दिसतं. मागच्या वेळी मला खिसाभर मिळालं, त्यात दोन गोळ्या माझ्याच होत्या, दाताच्या खुणांसकट.