तळ्याकाठचा हिवाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी सरली की गोव्यातला पाऊस मागे पडतो, तळी काठोकाठ भरलेली राहतात, वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेतांची तयारी सुरू होते आणि गावोगावी जत्रांचे दिवस जवळ येतात. पावसाळ्यात आपण पाण्याला आणि रानाला बिचकून असतो. हवा निवळली की ती सावधगिरीही सुटते, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतल्या बऱ्याचशा दुर्घटना नेमक्या याच निवांत दिवसांतल्या असतात. म्हणून या वेळी तळी आणि धरणांच्या काठच्या गावांतून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, आमच्या गावच्या तळ्यावर डिसेंबर-जानेवारीत सहलीला येणाऱ्यांची गर्दी होते आणि गावची मुलेही सुट्टीत तिथेच असतात. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतात, तसे इथे कोणी नाही. कोणी बुडू लागले तर आम्ही काय करावे? पोहता येणाऱ्याने लगेच उडी घ्यावी का? (एक वाचक, डिचोली तालुका)

उत्तर : उडी घेणे हा अगदी शेवटचा उपाय आहे, आणि तोसुद्धा बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचे प्रशिक्षण असलेल्यासाठीच. बुडणारा माणूस भीतीने हाताला लागेल त्याला मिठी मारतो, आणि ती मिठी चांगल्या पोहणाऱ्यालाही सोडवता येत नाही. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. काठावर पालथे पडून लांब बांबू, ओढणी किंवा लुंगी पुढे करावी आणि माणूस त्याहून दूर असेल तर तरंगणारी वस्तू दोरीला बांधून फेकावी.

यासाठी गावाने एक साधी सोय करून ठेवावी, असे मी कळकळीने सुचवते. पाच लिटरचा प्लास्टिकचा रिकामा कॅन घ्यावा, वाऱ्याने भलतीकडे जाऊ नये इतपत वजन येण्यासाठी त्यात चार बोटे पाणी ठेवावे, झाकण घट्ट लावावे आणि मुठीला पंधरा-वीस मीटर लांब नायलॉनची दोरी बांधून तो बांधावरच्या झाडाला सहज हाती लागेल असा टांगावा. तो बुडणाऱ्याच्या डोक्यावरून थोडा पलीकडे फेकावा, म्हणजे ओढताना दोरी त्याच्या हाताशी येते. पंचायतीच्या ठरावाची वाट न पाहता दोन तरुण एका संध्याकाळी हे काम करू शकतात.

आता तळ्याविषयी. पाऊस थांबल्यावर पाणी हळूहळू आत सरकते आणि काठाशी जो पट्टा उघडा पडतो, त्याच्यावर हिरवळ धरते. वरून तो जमिनीसारखा दिसतो. पाय ठेवला की गुडघाभर चिखलात जातो, आणि घाबरून दुसरा पाय जोराने टेकला की दोन्ही पाय रुततात. अशा वेळी उभे राहण्याची धडपड न करता अंग आडवे टाकावे आणि एकेक पाय सावकाश सोडवत काठाकडे सरकावे. कमळाचे देठ आणि पाणवनस्पती पोहणाऱ्याच्या पायांत गुंततात, त्यामुळे फुलांसाठी पाण्यात उतरणाऱ्या मुलांना वेळीच अडवले पाहिजे. मये किंवा करमळीसारखी गावची तळी आणि अंजुणे, साळावली, चापोली या धरणांचे जलाशय यांत मोठा फरक आहे, हेही मुलांना सांगावे: जलाशय म्हणजे बुडालेली दरी असते आणि काठापासून दोन-चार पावलांवर तळ एकाएकी नाहीसा होऊ शकतो. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने, होडी वल्हवणाऱ्यानेसुद्धा, जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यांना हटकताना गावकऱ्यांनी संकोच करू नये.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजूनही दिसतात आणि त्यांत मोलाची मिनिटे वाया जातात. त्याला पाठीवर झोपवावे. श्वास चालू नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी 30 वेळा जोरात व भरभर दाबून पुन्हा 2 श्वास द्यावेत. हा क्रम 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नये. शुद्धीवर आलेला माणूस बोलू-चालू लागला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उसळू शकतो.

प्रश्न : ताई, आमच्या महिला गटातल्या बायका डिसेंबरपासून काजूच्या बागायतीत पातेरा (वाळलेला पालापाचोळा) गोळा करायला जातात आणि येताना धरणाच्या काठावर गुरांना पाणी पाजून आणतात. माकडतापाची भीती अजून आहे का? (एक वाचक भगिनी, सत्तरी तालुका)

उत्तर : आहे, आणि तुमच्या भागात ती गृहीत धरूनच चालावे. हा रोग 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. सत्तरीत 2015 साली त्याची साथ आली आणि पुढच्या वर्षी शेजारच्या सिंधुदुर्गातही रुग्ण सापडले. त्याचा विषाणू गोचिडींमधून पसरतो. पावसानंतर गोचिडींची लहान पिल्ले पालापाचोळ्यात वाढतात, त्यामुळे डिसेंबर ते मे हे महिने धोक्याचे ठरतात. काजूखालची जमीन साफ करण्याचा आणि पुढे बोंडू वेचण्याचा हंगाम नेमका तोच आहे. ही पिल्ले मोहरीच्या दाण्याहून फार मोठी नसतात. ती पायावर चढली तरी कळत नाही, आणि चावा दुखत नसल्यामुळे घरी येईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

पातेरा गोळा करताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि विजारीची टोके आत खोचता येतील असे मोजे किंवा गमबूट घालावेत. साडी नेसून जाणाऱ्या भगिनींनी आतून विजार घालावी. आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारे तेल मिळत असल्यास कामाआधी ते हातापायांना लावावे. पातेऱ्यावर बसून जेवू नये आणि भारा उघड्या पाठीवर किंवा मानेवर घेऊ नये. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत, अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागचा भाग व केसांची मुळे दुसऱ्या कोणाकडून तरी पाहून घ्यावीत. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, तिला विडीचा चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे यांनी धोका वाढतो. गुरांच्या अंगावरूनही गोचिडी घरात येतात, म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोठ्यात औषध वापरावे.

रानात मेलेले माकड दिसले तर कोणीही जवळ जाऊ नये. वन खात्याला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवावे, कारण माकडांचे मृत्यू ही साथीची पहिली सूचना असते. रानातून आल्यानंतर आठवडाभरात एकाएकी चढलेला ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी आणि उलट्या अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नयेत. वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण पातेऱ्यात काम केल्याचे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे, कारण त्या एका वाक्याने निदान लवकर होते. यात रक्तस्राव होण्याचा संभव असतो, म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत. या रोगावर नेमके औषध नाही आणि पूर्वी दिली जाणारी लसही आता वापरात नाही. परंतु वेळीच रुग्णालयात दाखल झालेले बहुतेक रुग्ण बरे होतात. हा ताप माणसापासून माणसाला होत नाही, तेव्हा रुग्णाच्या घराला वाळीत टाकल्यासारखे कोणी वागू नये.

प्रश्न : थंडीत साप बिळात असतात, असे ऐकत आलो. मग आमच्या वायंगणाच्या मेरांवर (शेताच्या बांधांवर) घोणस दिवसाढवळ्या कशी दिसते? (एक शेतकरी, तिसवाडी तालुका)

उत्तर : गोव्यातली थंडी सापांना महिनोन् महिने बिळात ठेवण्याइतकी कडक नसते. उलट घोणशीचा मीलनाचा काळ हिवाळ्यात येतो, आणि एरवी रात्री हिंडणारी ही जात थंड हवेत दिवसाही हालचाल करते व मेरेवर किंवा गवताच्या उडवीजवळ ऊन खात पडून राहते. पहाटे पाणी सोडायला जाताना गमबूट आणि बॅटरी हवीच, आणि उडवीत हात घालण्याआधी काठीने गवत हलवावे. पौषात धालोसाठी, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाच-गाण्यांसाठी, मांडावर जाणाऱ्या आणि जत्रेतून उत्तररात्री परतणाऱ्या मंडळींनीही उजेडाशिवाय आणि अनवाणी चालू नये.

दंश झाल्यास घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे या चारही गोष्टी टाळाव्यात. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत, तो हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि 108 ला फोन करावा. सापाला मारून बरोबर नेण्याची गरज नसते. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, आणि कोणती मात्रा द्यायची ते डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

प्रश्न : आमच्या तळ्याच्या काठावर सकाळी मगर ऊन खाताना दिसते. वडीलधारी म्हणतात, ती राखणदार आहे, तिला हुसकावू नका. बायका तिथेच कपडे धुतात. काय करावे? (एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे आदराने ऐकावे. दुर्भाटच्या परिसरात पौष अमावास्येला मातीची मगर घडवून पुजण्याची मांगे थापणीची प्रथा आहे. मगरीबरोबर राहण्याची समज या भूमीत जुनी आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पूर्ण संरक्षण दिलेले असल्यामुळे दगड मारणे किंवा पकडणे हा गुन्हा ठरतो. मात्र श्रद्धेबरोबर अंतरही राखले पाहिजे. मगर थंड रक्ताची असल्याने हिवाळ्यात सकाळचा बराच वेळ काठावर असते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अंडी घातल्यावर मादी अधिक आक्रमक होते. कपडे धुण्यासाठी पाणी बालदीने काढून काठापासून दूर न्यावे, पाण्यात वाकून बसू नये, पहाटे आणि तिन्हीसांजेला पागेर (मासे धरायचे फेकजाळे) टाकायला एकट्याने उतरू नये. मासळीची आतडी आणि कोंबडीचा कचरा तळ्यात टाकणे तर आजच बंद करावे, कारण मगर माणसांच्या वावराच्या जागी रेंगाळू लागते ती या फुकटच्या खाद्यामुळे. वन खात्याला कळवून तिथे सूचनाफलक लावून घ्यावा.

प्रश्न : वडिलांचे वय 78 आहे. धरणाजवळ घर असल्याने रात्री गारवा फार असतो, म्हणून त्यांच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लावून घेतो. चालेल ना? (एक वाचक, सांगे तालुका)

उत्तर : चालणार नाही, कृपया आज रात्रीपासूनच हे थांबवा. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक, हा समज जिवावर बेततो. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा धोकाही तोच आहे. वडिलांना दोन पातळ गोधड्या, कानटोपी आणि पायमोजे द्यावेत. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पायांशी ठेवावी, कारण या वयात कातडीला चटका उशिरा जाणवतो. सकाळचे फिरणे ऊन वर आल्यावर करावे, आणि छातीत दडपण किंवा दम लागल्यास गारठ्याला दोष देऊन थांबू नये. सकाळी उठल्यावर डोके जड होणे आणि मळमळणे असा त्रास आतापर्यंत त्यांना होत असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि खोलीत शेगडी ठेवत होतो, हे सांगावे.