चमकणारे मासे घ्यायच्या आधी रंग कुठून आलाय ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी टाकी घेताय, कुर्ल्याला एका दुकानात निळ्या दिव्याखाली हिरवे, गुलाबी, केशरी मासे लखलखताना पाहिले आणि लेक तेव्हापासून हट्टाला पेटलाय. वीस-पंचवीस आणायचा विचार आहे. घरचे म्हणतात की ते इंजेक्शन देऊन रंगवलेले असतात. तर खरं काय, कोणते घ्यावेत आणि निळा दिवा रात्रभर लावला तर चालेल का?

घरचे निम्मे बरोबर आहेत. चमकणारा रंग तीन वेगळ्या वाटांनी येतो आणि दुकानात हे तिन्ही प्रकारचे मासे शेजारशेजारच्या टाक्यांत ठेवलेले असतात. एक बाहेरून चढवलेला रंग, दुसरा जनुक बदलून आणलेला, तिसरा माशाचा स्वतःचा. कोणता मासा घ्यायचा ते यावरूनच ठरवा.

इंजेक्शनचा मासा म्हणजे मुख्यतः ग्लास फिश. मूळचा आपल्याच देशातला, काचेसारखा पारदर्शक, आतला काटा दिसतो. त्याच्या पाठीच्या आणि पोटाच्या कडेला सुईनं भडक रंग भरतात. 'कलर विडो' म्हणून मिळणाऱ्या फिकट गुलाबी-निळ्या टेट्रा माशांची तऱ्हा थोडी वेगळी. अंगावरचा बुळबुळीत थर रसायनानं काढायचा, मासा रंगात बुडवायचा आणि थर परत धरेपर्यंत औषधात ठेवायचा. यात बरेच मासे मरतात, उरलेले आजाराला लवकर बळी पडतात आणि रंगही काही महिन्यांत उडतो. पाच रुपयांना दिला तरी घेऊ नका. पॅरट फिशच्या अंगावर हार्ट किंवा अक्षरं काढलेली दिसतात, तेही याच माळेतले मणी.

तुम्ही पाहिलेले मासे मात्र बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असावेत, ज्यांना बाजारात सरसकट 'ग्लो' म्हणतात: ग्लो झेब्रा, ग्लो विडो, ग्लो टायगर बार्ब. यांना सुई लागलेली नसते. 1999 मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रा डॅनिओ या छोट्या पट्टेदार माशाच्या अंड्यात जेलीफिशचं हिरवं चकाकणारं प्रथिन बनवणारं जनुक घातलं. पाण्यात प्रदूषण आलं की उजळून इशारा देईल असा मासा त्यांना बनवायचा होता. लाल रंगासाठी प्रवाळासारख्या एका समुद्री जीवाचं जनुक वापरलं गेलं. 2003 च्या अखेरीस असे मासे अमेरिकेत पाळीव म्हणून विकायला आले. ज्या हिरव्या प्रथिनापासून हे सुरू झालं, त्याच्या शोधाला आणि त्यावरच्या पुढच्या कामाला 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंग जन्मजात असल्यामुळे तो उडत नाही आणि पिल्लांतही उतरतो. माशाला त्याचा काही त्रास होतो असंही नाही.

दुकानात ओळखायचं कसं? दुकानदाराला निळा दिवा बंद करून पांढरा लावायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, कुरकुर केली तरी सांगा. ग्लो मासा पांढऱ्या उजेडातही रंगीतच दिसतो, फक्त झगमगाट कमी होतो. रंग मांसातून आल्यासारखा अंगभर सारखा असतो आणि एका टाकीतले एका रंगाचे सगळे मासे एकाच छटेचे असतात. चढवलेल्या रंगात एक मासा गडद, दुसरा फिकट, तिसऱ्याच्या शेपटीजवळ डाग, अशी गडबड दिसते. ग्लास फिशच्या कडेला तर रंगाची रेघच ओढलेली असते. नोटा तपासायची टॉर्च मात्र इथे निर्णायक धरू नका, काही कृत्रिम रंगही तिच्याखाली चकाकतात.

आता मी हे ग्लो मासे का घेत नाही ते सांगतो, कारण दुकानदार ते सांगणार नाही. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989 चे नियम आहेत. जनुक बदललेल्या कुठल्याही जीवाची आयात, उत्पादन, विक्री जीईएसी या केंद्रीय समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. बीटी कापसाच्या वेळी गाजली तीच ही समिती. दुकानात त्या मंजुरीचा कागद मागून बघा. उत्तर काय येतं ते तुम्हालाच कळेल. युरोपीय संघात हे मासे विकायला बंदी आहे.

आणि हा नियम नुसता कागदी नाही. झेब्रा डॅनिओ मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकानं 1822 मध्ये शास्त्रात त्याची नोंद केली तीही गंगेतल्या माशांवर लिहिताना. म्हणजे अमेरिकेतल्या गार ओढ्यात ग्लो झेब्रा सुटला तर थंडीत बहुधा मरेल, पण इथे त्याचे भाऊबंद पाण्यात आधीच आहेत. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतीच्या तळ्यांतून निसटलेले असे मासे ओढ्यांत वाढताना आणि प्रजनन करताना सापडले आहेत, आणि तिथे तर ते मूळचे नाहीतच. आपल्याकडे कंटाळा आला की मासे तळ्यात सोडायचे, वर पुण्य केल्याचं समाधान मानायचं, ही सवय किती मुरलेली आहे ते विसर्जनाच्या तळ्यांवर हिंडणाऱ्यांना विचारा. टाकीची काच साफ करायला ठेवतात तो सकर मासा देशभरातल्या तळ्यांत असाच पसरला.

तेव्हा तुम्हाला ग्लो घ्या असं मी म्हणणार नाही. पण कुणी भेट म्हणून आणलेच किंवा आधीच घरात असतील तर त्यांना सांभाळायचं कसं तेही सांगतो. ग्लो असला तरी स्वभाव मूळ माशाचाच राहतो. विडो टेट्रा पाच-सहा सेंटीमीटरचा होतो, कळपात राहतो आणि एकटा पडला की दुसऱ्यांच्या पंखांचे लचके तोडतो. तुमच्या टाकीत सहा-सात विडो पुरे, सोबतीला गप्पी, एंजल, फायटर अजिबात नको. टायगर बार्ब त्याहून खोडकर. ग्लो शार्क म्हणून जो मिळतो तो रेनबो शार्क, पंधरा सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि टाकीचा मालक होऊन बसतो, दोन फुटांत तो नकोच. झेब्राला पोहायला लांबी लागते आणि तो उडी मारतो, झाकण हवंच.

आता माझी खरी शिफारस. लेकाला निळा-लाल लखलखाट हवाय ना? मग कार्डिनल टेट्रा घ्या. निऑन आणि कार्डिनल दिसायला भावंडं. निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग. किमतीमुळे सगळे निऑनकडे वळतात, आणि मुंबईत तिथेच घोडं पेंड खातं. निऑनला 22 ते 25 अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी 30 च्या वर जातं. पंखा लावून काही उपयोग होईल म्हणावं तर हवेत दमटपणा इतका की पाणी फारसं उडतच नाही, जेमतेम अंश-दोन अंश उतरतं. कार्डिनल हा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या रिओ नेग्रो नदीच्या उबदार, आम्लधर्मी पाण्यातला, 28-29 अंश त्याला चालतात. शिवाय महापालिकेचं तानसा-भातसा-वैतरणाचं पाणी मृदू, म्हणजे टेट्रांना हवं तसंच. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असतील तर मात्र आधी कडकपणा तपासा.

कार्डिनलचा निळा पट्टा हा रंगद्रव्याचा नसतो. कातडीच्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अगदी पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात, खिडकीच्या ब्लाइंडच्या पट्ट्यांसारखे. त्यांच्यातलं अंतर किंवा कल बदलला की परतणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. रात्री दिवा बंद करा आणि तासाभरानं मोबाइलचा उजेड कडेनं हलकेच टाकून बघा: पट्टा जांभळट, मंद झालेला असतो, काही वेळा दिसेनासाच होतो. सकाळी दिवा लावला की थोड्या वेळात निळा परत भरतो. नवखे लोक हे पाहून मासा आजारी पडला म्हणून घाबरतात. रात्री फिकट आणि सकाळी झळाळता, हे ठीक. भर उजेडात पट्टा तुटल्यासारखा, अंगावर पांढरट चट्टे, आणि मासा कळपापासून वेगळा, तर तो निऑन टेट्रा डिसीज असू शकतो. त्याला खात्रीचं औषध नाही, मासा लगेच वेगळा काढा.

दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे छप्पन्न लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी पंचेचाळीसच्या आसपास. त्यात वीस-पंचवीस मोठे मासे मावत नाहीत. दहा-बारा कार्डिनल आणि तळाला चार-पाच स्टर्बाय कोरी (तळाशी वावरणारे मिशीवाले छोटे मासे), बास. बाकीच्या कोऱ्यांपेक्षा स्टर्बायला उष्णता जास्त सोसते म्हणून तिचं नाव. कोरी असतील तर तळाला धारदार खडी नको, बारीक वाळू घाला, त्यांच्या मिशा झिजतात. जागा असेल आणि अडीच-तीन फुटी टाकी घेता आली तर ड्वार्फ निऑन रेनबोचाही विचार करा. नर वयात आला की निळं पोलादी अंग आणि लालभडक पंख. दुकानात लहान असताना करडे, मळकट दिसतात म्हणून कुणी घेत नाही.

दिव्याबद्दल. निळा दिवा रात्रभर नको, कुठल्याच माशाला. ग्लो मासा अंधारात स्वतःहून चमकत नाही. तो निळा उजेड शोषतो आणि हिरवा किंवा लाल करून परत टाकतो. उजेड नाही तर चमक नाही. म्हणजे रात्रभर चमक हवी तर रात्रभर दिवा, आणि दिवा असला की माशाला झोप नाही, वर काचेवर शेवाळ. दिवसाला आठ तास पुरे, टायमर लावून टाका. कार्डिनलला निळ्या दिव्याची गरजच नाही. साधा पांढरा एलईडी, मागे काळा कागद, तळाला गडद वाळू, वर थोडी तरंगणारी वनस्पती. फिकट तळावर हे मासे बिचकतात आणि रंगही उतरवतात.

आणि देशी बदामाचं पान. मुंबईत रस्तोरस्ती हे झाड आहे, ऑनलाइन पैसे घालवू नका. झाडावरचं हिरवं नको. आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान घ्या, तेही गर्दीच्या रस्त्यावरचं किंवा डासांची फवारणी होते तिथलं नको. धुऊन एक पान टाका. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, ते घाण नव्हे, कार्डिनल मूळचा तशाच पाण्यातला.

टाकी आणली त्याच दिवशी मासे आणू नका. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण पहिल्या पंधरवड्यात मासे मरतात ते बहुतेक यानंच. विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला तीन-चार आठवडे लागतात. ओळखीत कुणाची जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज पिळून ते गढूळ पाणी तुमच्या फिल्टरमध्ये ओता, काम लवकर होतं. चाचणीचं किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच मासे, तेही आधी पाच-सहा. नंतर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, दुकानात मिळतं ते अँटी-क्लोरीन टाका. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर बदल दोन-तीन दिवस पुढे ढकला, काही बिघडत नाही.

कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केट, कुठूनही घ्या, पण रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी जा. नवा माल आज आलाय म्हणाले तर तो आज घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकलेला घ्या. टाकीत एक जरी मेलेला मासा किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर त्या दुकानातून त्या दिवशी काहीच नको, कारण पुष्कळ ठिकाणी सगळ्या टाक्यांत एकच जाळी फिरते. समोर खायला टाकायला सांगा, खाणारा मासाच घ्या. मुलुंडपर्यंत लोकलनं येणार असाल तर पिशवीत निम्म्याहून जास्त हवा, वर वर्तमानपत्र गुंडाळून कापडी पिशवीत, आणि दुपारचं ऊन टाळा. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, थोडं थोडं पाणी मिसळा आणि मासे जाळीनं सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. त्या दिवशी खायला देऊ नका आणि दिवाही बंदच ठेवा. लेकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो काचेवर टकटक करत बसेल.