वाचकांचे प्रश्न : स्किबरीन आणि त्याच्या परिसरातील गावे

प्रश्न : आयर्लंडच्या नैऋत्येकडील स्किबरीन हे गाव 1845 नंतरच्या दुष्काळातील भूकबळींसाठी ओळखले जाते. नकाशात तर समुद्र तेथून अगदी जवळ दिसतो. मग तेथील लोकांना मासे खाऊन जगता का आले नाही?

उत्तर : मासळी स्किबरीनच्या बाजारातसुद्धा होती. डिसेंबर 1846 मध्ये, माणसे रोज मरत असताना, शनिवारच्या बाजारात मांस, पाव आणि मासळी मुबलक असल्याचे एका सरकारी अधिकाऱ्याने आपल्या पत्रात नोंदवले आहे. ती विकत घ्यायला आसपासच्या खेड्यांतील लोकांच्या हाती पैसा नव्हता, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे.

उरलेले उत्तर जमिनीत आहे. बॅलीडिहॉब, स्कल या पश्चिमेकडील गावांभोवती खडक वर आलेला असून मातीचा थर पातळ आहे. अशा तुकड्यावर कुटुंबाला पोसणारे एकच पीक होते, ते म्हणजे बटाटा. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे. धान्य, लोणी आणि घरचे डुक्कर विकून कुळे जमीनदाराचा खंड भागवत, म्हणजे घरात पिकले तरी ते घरच्यांसाठी नसे. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ सगळे पीक कुजले, तेव्हा मागे काहीच शिल्लक नव्हते. किनाऱ्यावरच्या कुटुंबांकडे लाकडी सांगाड्यावर कातडे किंवा डांबरी कापड ताणून केलेल्या हलक्या होड्या होत्या. हिवाळ्यातील अटलांटिकमध्ये त्या फार दूर नेता येत नसत, आणि पिठासाठी अनेकांनी जाळी गहाण टाकल्यावर होडी असूनही उपयोग उरला नाही. शिंपले आणि समुद्रशेवाळ लोकांनी खडकांवरून खरवडून खाल्ले, परंतु त्यावर माणूस किती दिवस तग धरणार?

सरकारने सडका बांधण्याची कामे काढली होती. स्किबरीनच्या उत्तरेकडील काहरा भागात अशाच सडकेवर राबणारा डेनिस मॅककेनेडी ऑक्टोबर 1846 मध्ये कामावरच कोसळून मेला. त्याची मजुरी थकलेली होती. शवविच्छेदनात जठर रिकामे निघाले, आतड्यात फक्त कच्च्या कोबीचा अंश सापडला. मला या नोंदीपुढे मोठमोठे आकडेही फिके वाटतात, कारण दुष्काळ केवळ पीक बुडाल्याने पडत नाही, वेळेवर न मिळालेल्या मजुरीनेही पडतो, हे त्या एका देहाने दाखवून दिले. गावालगतच्या अ‍ॅबेस्ट्राउरी दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसे नावाच्या दगडाविना पुरलेली असल्याचा अंदाज आहे. फेब्रुवारी 1847 मध्ये चित्रकार जेम्स महोनी याने या भागात फिरून काढलेली रेखाचित्रे लंडनच्या साप्ताहिकात छापली गेली, आणि तेव्हापासून स्किबरीनचे नाव या दुष्काळाशी कायमचे जोडले गेले.

प्रश्न : जवळच्या बाल्टिमोर गावाचा आणि अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचा काही संबंध आहे का? स्किबरीनची वाढ त्या गावामुळे झाली, हे खरे का?

उत्तर : अमेरिकेतील शहराला ज्या लॉर्ड बाल्टिमोर घराण्याचे नाव मिळाले, त्याची पदवी आयर्लंडच्या मध्यभागातील लाँगफर्ड परगण्यातील जहागिरीवरून आलेली आहे. तेव्हा या कोळीगावाशी तिचा संबंध जोडू नये.

दुसऱ्या गोष्टीत मात्र तथ्य आहे. 20 जून 1631 रोजी पहाटे अल्जियर्सच्या चाच्यांनी बाल्टिमोरवर छापा घालून शंभराहून अधिक माणसे पळवली. त्यांचा म्होरक्या मुराद रईस जन्माने डच होता. पळवलेल्यांपैकी बहुतेक जण तेथे स्थायिक झालेले इंग्रज होते, आणि त्यांतील फारच थोडे परत आले. वाचलेल्यांपैकी अनेक जण आयलेन नदीने आत सरकून स्किबरीनला राहू लागले, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. गावाच्या आयरिश नावाचा अर्थ होड्यांचे छोटे बंदर असा लावतात. भरतीचे पाणी नदीतून गावापर्यंत चढत असल्याने ते नाव गावाला शोभते, आणि उघड्या किनाऱ्यावर होरपळलेल्या लोकांनी हीच जागा का निवडली असेल, हेही त्यावरून ध्यानात येते.